संयुक्त बैठक बंद करू नका: पंच कमिटीला खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, आपल्या मंडळीचा (चर्चचा) कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीचे सर्व सभासद आणि संडे स्कूल, तरुण संघ, महिला संघ, क्वायर, प्रार्थना गट, भेटी विभाग व सुवार्ता विभाग यांच्या प्रमुखांस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

गेल्या महिन्यात उपासनेच्या शेवटी एक सूचना वाचून दाखवण्यात आली. सर्व सेवाविभागांची महिन्यातून एकदा होणारी संयुक्त बैठक यापुढे होणार नाही. प्रत्येक विभागाने आपले कार्यक्रम, आपला निधी आणि आपलं साहित्य स्वतंत्रपणे सांभाळावं. विभागांमध्ये काही प्रश्न उद्भवला तर पंच कमिटीकडे लेखी अर्ज द्यावा. सूचना वाचायला मिनिटभरही लागलं नाही. लगेच आपण आशीर्वादासाठी उभे राहिलो. डोळे मिटून मान खाली घातली, पण माझं मन त्या सूचनेपाशीच अडकलं, आणि अजून तिथेच आहे.

हे पत्र उघडपणे का लिहिते आहे, ते आधी सांगते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने घालून दिलेला क्रम मला ठाऊक आहे: आधी एकट्याने जाऊन बोलावं, मग दोघातिघांना सोबत घ्यावं, मग मंडळीला सांगावं. इथे कोणी कोणाचा अपराध केलेला नाही, तरी क्रम मी तोच पाळला. आधी एकटी जाऊन बोलले. मग दोन शिक्षिकांना घेऊन गेले. दोन्ही वेळा प्रेमाने ऐकून घेतलंत आणि दोन्ही वेळा सांगितलंत की निर्णय झालेला आहे. आता मंडळीपुढे बोलायचं राहिलं होतं, ते या पत्रातून बोलते आहे. ज्या इतर मंडळ्यांमध्ये असाच निर्णय झाला आहे किंवा होऊ घातला आहे, तिथल्या भावाबहिणींनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मी या मंडळीत १९ वर्षं संडे स्कूल शिकवते. त्याआधी याच वर्गांत विद्यार्थिनी म्हणून बसले. त्यामुळे हा निर्णय माझ्यासाठी केवळ कारभाराची बाब नाही. माझ्या डोळ्यांसमोर विभागांची नावं येत नाहीत, माणसं येतात. त्यातल्या एका व्यक्तीबद्दल आधी सांगते.

लहानपणी ज्यांनी मला पवित्र शास्त्र उघडून त्यातलं पुस्तक शोधायला शिकवलं, त्या बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या वर्षी पडल्या, कमरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून अंथरुणाला खिळल्या. माझ्या घरीही त्या काळात आजारपण होतं, त्यामुळे मी अकरा आठवड्यांनी त्यांच्याकडे गेले. हा उशीर माझा आहे आणि तो मी कबूल करते. त्यांच्या उशाशी मंडळीचं पत्रक होतं. त्यात प्रार्थनेसाठीच्या नावांची यादी असते. त्या यादीत स्वतःच्या नावाखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. मला म्हणाल्या, "बघ, माझं नाव आहे अजून. दर शुक्रवारी घेतात. पण कोणी आलं नाही गं."

मी घरी येऊन एकेकाला फोन केला. भेटी विभागाने सांगितलं की त्या महिला संघाच्या जुन्या सभासद, तेव्हा महिला संघ जात असणार असं आम्ही धरून चाललो. महिला संघाने सांगितलं की आजारी माणसांच्या भेटी हे भेटी विभागाचं काम, त्यात आपण हात घातला तर त्यांना वाईट वाटेल. प्रार्थना गटाने सांगितलं की आम्ही एकही शुक्रवार चुकवला नाही. तिघंही खरं बोलत होते. कोणीही निष्काळजी नव्हतं, कोणाचंही मन कठोर नव्हतं. तरी एक म्हातारी विश्वासी बाई अकरा आठवडे दाराकडे बघत पडून राहिली, कारण ती नेमकी तीन विभागांच्या मधल्या फटीत होती.

त्याच महिन्यात आणखी एका घरी आजारपण होतं. त्या घरी एकाच रविवारी दुपारी तीन विभागांचे तीन गट एकापाठोपाठ गेले. आजारी माणसाला विश्रांती मिळाली नाही आणि घरच्यांची धांदल उडाली. सगळे प्रेमानेच गेले होते. पण एकमेकांना विचारलं असतं, तर त्या तिघांतला एक गट माझ्या बाईंच्या दाराशी गेला असता.

आपण म्हणाल, एक चूक झाली म्हणून सगळी व्यवस्था वाईट ठरत नाही. म्हणून बाकीच्या गोष्टीही मांडते.

दुसरी गोष्ट आमच्या मुलांची. चार वर्षांपूर्वी नऊ मुलं संडे स्कूलच्या शेवटच्या वर्गातून बाहेर पडली. हजेरीची वही माझ्या समोर आहे, नऊही नावं माझ्याच अक्षरात आहेत. त्यातली तरुण संघात गेली दोन. उरलेल्या सात जणांपैकी काही आता सणाला दिसतात, काही तेवढीही दिसत नाहीत. तरुण संघाला मी दोष देत नाही. या वर्षी किती मुलं येणार, त्यांची नावं काय, कोण लाजाळू, कोणाच्या घरी काय अडचण, हे सगळं मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. त्यांनी मला विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. आमच्या वर्गाच्या शेवटच्या रविवारी मुलांना पवित्र शास्त्राच्या प्रती दिल्या, फोटो काढला, टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी ती मुलं कुठे बसणार, याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. पंधरा वर्षांच्या मुलाला एका दारातून निरोप द्यायचा आणि दुसरं दार त्याने स्वतः शोधावं अशी अपेक्षा धरायची, हे मेंढपाळाचं काम नव्हे.

तिसरी गोष्ट कीबोर्डची. अनेकांना ती क्षुल्लक वाटेल, पण मुलांच्या मनावर तिचा ओरखडा उठला आहे. नाताळच्या कार्यक्रमाच्या सरावासाठी मुलं हॉलमध्ये जमली होती. कीबोर्डवर निळं कापडी कव्हर होतं आणि कव्हरच्या चेनला छोटं पितळी कुलूप. किल्ली क्वायरमधल्या ज्या भावाकडे असते तो बाहेरगावी होता. तालमीत सात वर्षांच्या एका मुलीने मला विचारलं, "टीचर, तो चर्चचा आहे ना?" मी हो म्हटलं. "मग आपण चर्च नाही का?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही. आम्ही टाळीच्या ठेक्यावर सराव केला.

क्वायरची बाजूही मला सांगितली पाहिजे. आदल्या वर्षी आमच्याच सरावात कीबोर्डच्या दोन पट्ट्या मोडल्या. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर महिनाभर कोणी बोललं नाही, आणि शेवटी तो क्वायरच्या सभासदांनी खिशातून केला. कुलूप त्यानंतर आलं. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच केलं असतं. पण हा प्रश्न संयुक्त बैठकीत दहा मिनिटांत सुटला असता. आता तो सोडवायला अर्ज लागेल, अर्जावर निर्णय लागेल, आणि तोवर कुलूप तसंच राहील.

आणखीही आहे, ते थोडक्यात सांगते. सूचनाफलकावर एकाच शनिवारसाठी तीन कागद लागतात, एकावर एक. त्यात खालचा कागद कोणालाच दिसत नाही. एकाच महिन्यात तीन विभाग तीन वेगवेगळ्या पाकिटांतून दानार्पण मागतात, आणि ज्यांच्या घरी ओढाताण आहे ते तिसऱ्या रविवारी पाकीट हातात आलं की खाली बघतात. काही भावाबहिणी चार-चार विभागांत राबून थकल्या आहेत, तर मागच्या बाकांवर वर्षानुवर्षं बसणाऱ्या कित्येकांना "तुम्ही काय कराल?" असं कोणी एकदाही विचारलेलं नाही. नव्याने मंडळीत आलेल्या एका कुटुंबाला पहिल्याच महिन्यात चार विभागांनी आपल्याकडे ओढलं. ते कुटुंब आता दुसरीकडे जातं.

पंच कमिटीने हा निर्णय का घेतला, तेही मी समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. बैठका लांबत होत्या. येणारे कमी होत चालले होते. शेवटच्या बैठकीत हॉल कोणाला कधी मिळणार या एका विषयावर दोन तास गेले आणि आवाज चढले. त्या चढलेल्या आवाजांत माझाही आवाज होता, आणि त्याबद्दल मी त्या दोन भावांची क्षमा मागितली आहे. पाळकसाहेब, त्या दिवशी बैठकीच्या शेवटी आपण प्रार्थना करताना आपला गळा दाटून आला होता, हे मी विसरलेले नाही. अशा बैठकीपेक्षा बैठक नकोच, असं आपल्याला वाटलं असेल तर ते मी समजू शकते. पण भांडण थांबलं म्हणजे एकी झाली असं नाही. आपण आता भांडत नाही, कारण आपण आता भेटतच नाही.

यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीतही हेच झालं होतं. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुन्हा एकदा उघडून बघावा, अशी माझी विनंती आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होऊ लागलं आणि कुरकुर सुरू झाली. त्या मंडळीतही मधली फट होती आणि त्या फटीत विधवाच पडल्या होत्या. प्रेषितांनी काय केलं? दोन वेगळे गट करून ज्याने त्याने आपापल्या विधवांचं बघावं असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी शिष्यांच्या सगळ्या समुदायाला बोलावलं, प्रश्न सगळ्यांपुढे मांडला आणि सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातल्याच माणसांवर सगळ्यांनी विश्वास टाकला असावा, असं त्यावरून दिसतं. त्यानंतर लगेच लिहिलं आहे की देवाचं वचन पसरत गेलं आणि शिष्यांची संख्या वाढली.

त्या अध्यायातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मूळ ग्रीकमध्ये रोजच्या वाटणीला जो शब्द आहे, 'डायकोनिया', तोच शब्द प्रेषितांच्या वचनाच्या सेवेलाही वापरला आहे. पंगतीची सेवा आणि वचनाची सेवा, दोन्ही 'डायकोनिया'. एक वरची आणि एक खालची असा भेद त्या शब्दात नाही. आपल्याकडे मात्र व्यासपीठावर दिसणारी सेवा आणि खुर्च्या मांडणारी सेवा यांत नकळत पायऱ्या पडल्या आहेत. संयुक्त बैठकीत निदान सगळे एकाच गोलात बसायचे.

स्वतंत्रपणे काम करण्याला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगते. नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण सहसा भरभर वाचतो, कारण तो सगळा नावांचा आहे. पण त्यात यरुशलेमेचा तट पुन्हा बांधण्याच्या कामाची वाटणी किती सुरेख आहे! याजक मेंढरांच्या वेशीपाशी आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारे आहेत, शल्लूम आपल्या मुलींना घेऊन बांधायला आला आहे, कोणी आपल्या घरासमोरचाच तुकडा बांधतो आहे. प्रत्येकाचा तुकडा वेगळा. आणि प्रत्येक नावानंतर पुन्हा पुन्हा तेच येतं: त्याच्या शेजारी अमका, त्याच्या शेजारी तमका. तुकड्याला तुकडा लागला म्हणून बावन्न दिवसांत तट उभा राहिला. मधे एका हाताची जरी फट राहिली असती, तरी शत्रूला तेवढी पुरली असती.

आणि पुढच्याच अध्यायात नहेम्या सरदारांना आणि लोकांना सांगतो की काम मोठं आहे, लांबवर पसरलेलं आहे आणि आपण तटावर एकमेकांपासून दूर दूर आहोत, म्हणून कर्ण्याचा आवाज ऐकाल तिथे आमच्याजवळ जमा व्हा. आपापल्या तुकड्यावर काम करणाऱ्यांना जमण्याची एक खूण लागते, हे त्याला कळलं होतं. आपल्याकडे ती खूण महिन्याची संयुक्त बैठक होती. कर्णा बेसूर वाजत होता हे मला मान्य आहे. तो नीट वाजवायला शिकण्याऐवजी आपण तो खाली ठेवला.

करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचं मी लांबवत नाही. शरीर एक आणि अवयव अनेक, हे आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. मी स्वतः तो बारावा अध्याय दरवर्षी मुलांना चित्रं काढून शिकवते. फिलिप्पैच्या पत्रातली एक ओळ मात्र आठवण करून देण्यासारखी आहे. युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणी सुवार्तेच्या कामात पौलासोबत झगडल्या होत्या. त्यांच्यात काही बिनसलं. पौलाने दोघींना नावाने विनंती केली की प्रभूमध्ये एकचित्त व्हा, आणि एका सोबत्याला सांगितलं की त्यांना मदत कर. त्याने त्यांचं काम वेगवेगळं करून दिलं नाही. दोघींच्या मधे बसणारं कोणीतरी दिलं. पंच कमिटीकडून मला हीच अपेक्षा होती.

बैठकांनी थकवा येतो, हे खरं. पण मोठ्या एकीमागे किती बैठका आणि किती वर्षांची चिकाटी असते, हे आपल्याच देशातल्या ख्रिस्ती लोकांना सांगायला नको. १९१९ साली तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला काही थोडे सेवक एकत्र बसले आणि त्यांनी एकीची हाक दिली. दक्षिण भारतात अँग्लिकन, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या प्रत्यक्ष एक झाल्या त्या २७ सप्टेंबर १९४७ रोजी. मधे २८ वर्षं गेली. उत्तर भारतात १९२९ साली लखनौला बोलणी सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्यांची मिळून एक मंडळी झाली. त्यांच्यापुढचे प्रश्न काही हॉलच्या वेळेचे नव्हते. बाळांना बाप्तिस्मा द्यावा की स्वतः विश्वास कबूल केल्यावरच द्यावा, या प्रश्नावर त्यांना मार्ग काढायचा होता, आणि दोन्ही पद्धतींना जागा देणारी मंडळी त्यांनी उभी केली. ज्यांनी तो काळ पाहिला ते वडीलधारे अजून काही मंडळ्यांत आहेत. त्यांच्यासमोर आपण एका छपराखालचे सात विभाग महिन्यातून एकदा बसू शकत नाही असं म्हणतो, तेव्हा मला फार लाज वाटते.

योहानाच्या सतराव्या अध्यायात, धरलं जाण्याच्या आदल्या घटकेला, प्रभूने आपल्यासाठी जी प्रार्थना केली ती एक होण्यासाठी होती, आणि जगाने विश्वास ठेवावा हे त्याने त्या एकीशी जोडलं. आमच्या मुलीने कुलपाकडे बघून विचारलेला प्रश्न मला त्या प्रार्थनेच्या शेजारी ठेवून वाचावासा वाटतो.

आता मागण्या. त्या मी विचार करून, इतर चार विभागांतल्या लोकांशी बोलून लिहिल्या आहेत.

पहिली. संयुक्त बैठक बंद करण्याचा निर्णय मागे घ्यावा. बैठक महिन्यातून एकदा, तीही एकाच तासाची असावी. पहिली वीस मिनिटं फक्त माणसांबद्दल बोलावं: कोण आजारी आहे, कोण दिसेनासं झालं आहे, कोण नवीन आलं आहे. हॉल आणि तारखा त्यानंतर. मागच्या बैठकांत आपण क्रम उलटा ठेवला होता, आणि माणसांपर्यंत पोचायच्या आत वेळ संपत होता. बैठक चालवण्याची जबाबदारी दर महिन्याला वेगळ्या विभागाने घ्यावी.

दुसरी. भेटींची एकच वही असावी. आजारी, वृद्ध, एकटे राहणारे, शोकात असलेले अशा सगळ्यांची नावं तिच्यात असावीत, आणि कोणत्या तारखेला कोण जाऊन आलं ते पुढे लिहावं. ती वही कोणत्याही एका विभागाच्या मालकीची नसावी. कोणाच्या घरच्या खासगी गोष्टी तिच्यात लिहू नयेत, फक्त नाव आणि भेटीची तारीख. प्रार्थना गटाने नावं त्याच वहीतून घ्यावीत, म्हणजे ज्याच्यासाठी प्रार्थना होते आहे त्याच्याकडे कोणी गेलं की नाही हे शुक्रवारी तिथल्या तिथे कळेल.

तिसरी. संडे स्कूलच्या शेवटच्या वर्षात तरुण संघातल्या दोघांनी महिन्यातून एकदा आमच्या वर्गात येऊन बसावं, आणि आमच्यातल्या एका शिक्षकाने पुढचे सहा महिने मुलांसोबत तरुण संघात जावं. मुलांना दार शोधावं लागू नये, हात धरून नेणारं माणूस असावं. ज्या सात मुलांचं मी वर लिहिलं, त्यांच्या घरी तरुण संघाच्या प्रमुखांनी आणि मी मिळून जावं, अशी माझी त्यांना वैयक्तिक विनंती आहे. यादी माझ्याकडे तयार आहे.

चौथी. मंडळीच्या दानार्पणातून घेतलेलं साहित्य, म्हणजे कीबोर्ड, ध्वनियंत्रणा, प्रोजेक्टर, खुर्च्या, हे मंडळीचं आहे असं लेखी ठरावाने स्पष्ट करावं. दुरुस्तीसाठी छोटा सामायिक निधी बाजूला ठेवावा, म्हणजे जो विभाग काळजी घेतो त्यालाच खिशातून भरावं लागणार नाही. कुलूप असू द्यावं, पण किल्ल्या दोन असाव्यात आणि एक कार्यालयात असावी. क्वायरने मागच्या दुरुस्तीवर केलेला खर्च त्यांना परत द्यावा.

पाचवी. वर्ष सुरू होण्याआधी सगळ्या विभागांनी एकत्र बसून वर्षाची एकच दिनदर्शिका करावी. विशेष दानार्पणाचे रविवारही त्यातच ठरवावेत, आणि दोन मागण्यांमध्ये पुरेसं अंतर ठेवावं.

सहावी. एका व्यक्तीने दोनपेक्षा जास्त विभागांत जबाबदारीचं पद घेऊ नये. हा नियम माझ्यापासून सुरू करावा. मी आता तीन ठिकाणी आहे आणि एक जागा सोडायला तयार आहे. त्या जागेसाठी कोणाला विचारावं, तर मागच्या बाकांवर बसणाऱ्यांना आधी विचारावं.

या मागण्यांतली एखादी चुकीची असेल तर ती का चुकीची आहे हे मला ऐकायचं आहे. सगळ्या मान्य कराव्यात असा माझा हट्ट नाही. पहिली आणि दुसरी मात्र सोडू नये, कारण त्या दोन गोष्टी नसल्यामुळे एक बहीण अकरा आठवडे एकटी पडली होती. वार्षिक सभेआधी पंच कमिटीने या पत्राचा विचार करावा आणि उत्तर उपासनेच्या शेवटी, जिथे ती सूचना वाचली गेली तिथेच, सर्वांसमोर वाचून दाखवावं, अशी नम्र विनंती आहे.

माझ्या बाईंकडे मी आता दर बुधवारी जाते. गेल्या बुधवारी महिला संघातल्या एक बहीण आणि भेटी विभागातले एक भाऊ माझ्यासोबत आले होते. कोणत्या विभागाच्या वतीने आलो हे कोणी बोललं नाही. बाईंनी आम्हाला तिघांना रांगेत बसवून पवित्र शास्त्र उघडायला लावलं आणि लहानपणी विचारायच्या तसं विचारलं, "हबक्कूकचं पुस्तक शोधा बघू, आधी कोणाला सापडतं?"

मी एक कोरी वही आणली आहे. पहिल्या पानावर त्यांचं नाव आणि बुधवारची तारीख लिहिली आहे. येत्या रविवारी उपासना झाल्यावर मी ती घेऊन हॉलमध्ये बसणार आहे. प्रत्येक विभागातून एकाने तरी यावं आणि आपल्याला ठाऊक असलेली नावं तिच्यात लिहावीत.

प्रभूच्या सेवेत आपली बहीण,
संडे स्कूलची एक शिक्षिका